‘चालू होत नाही’ म्हणजे नेमका कुठवर चालू होतो?

आमच्या सोसायटीचे कार्यालय म्हणजे वॉचमनच्या केबिनला लागून असलेली आठ बाय दहाची खोली. एक लोखंडी कपाट, भिंतीवर गेल्या वर्षीचे कॅलेंडर, आणि टेबलावर सोसायटीचा डेस्कटॉप, ज्यावर ५६ सदनिकांचा देखभाल खर्चाचा हिशेब असतो. मी मुलुंड पूर्वेच्या या सोसायटीची खजिनदार आहे. त्याआधी अठ्ठावीस वर्षे एका कार्यालयाच्या संगणक विभागात काढली असल्यामुळे इमारतीतल्या कोणाचाही संगणक रुसला की पहिली हाक मलाच येते.

गेल्या जुलैतल्या एका शनिवारी पावसाचे पाणी मीटर रूमच्या उंबऱ्यापर्यंत चढले आणि इलेक्ट्रिशियनने शहाणपणाने मेन स्विच खाली केला. त्याच वेळी कार्यालयातला संगणक अपडेट घेत होता. पडद्यावर ‘संगणक बंद करू नका’ अशी सूचना होती, पण ती पावसाला कोण सांगणार? यूपीएसची बॅटरी वर्षापूर्वीच गेली होती. तिच्या खर्चाची मंजुरी दोन सभांत राहून गेली होती, आणि ती मागायची जबाबदारी खजिनदाराची असल्यामुळे दोष द्यायला दुसरे कोणी नव्हते. संध्याकाळी वीज परत आली, पण संगणक आला नाही. लोगो दिसायचा, खाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरायचे, क्षणभर काहीतरी निळे चमकायचे आणि पुन्हा लोगो.

मी त्या वेळी दादरला एका लग्नात होते. सेक्रेटरीकाकांनी घाईघाईने स्टेशनजवळच्या एका दुकानातल्या मुलाला बोलावले. त्याने दोन मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि निदान केले, “काका, विंडोज उडालंय. फॉर्मेट मारावा लागेल.” काकांनी मला फोन केला तेव्हा ‘डेटा जाईल का’ एवढेच विचारले, आणि मागून त्या मुलाचा आवाज आला, “डेटा जाणारच ना मॅडम, फॉर्मेट म्हणजे.” मी त्याला चहा पाजून परत पाठवायला सांगितले. लेखापरीक्षकांकडे कागद द्यायचे होते, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची होती, आणि हिशेबाचा शेवटचा बॅकअप मार्च महिन्यातला होता.

त्या मुलावर माझा राग नाही. मुंबईत संगणक दुरुस्तीचा धंदा वेळेवर चालतो, आणि कारण शोधण्यात जाणाऱ्या दोन तासांचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. फॉर्मेट मारून नवे विंडोज टाकले की पाऊण तासात काम संपते आणि पैसेही ठरलेले मिळतात. पण मालकाच्या बाजूने पाहिले तर विंडोजमध्ये संगणक सुरू करण्याच्या आणि पूर्वस्थितीत आणण्याच्या पर्यायांची जी रांग दिलेली आहे, तिच्यात फॉर्मेट सर्वांत शेवटी उभा आहे. त्याच्या आधीच्या प्रत्येक पर्यायात त्याच्यापेक्षा कमी नुकसान आहे, आणि काहींत तर काहीच नाही.

कोणी ‘चालू होत नाही’ म्हणाले की मी आधी एकच प्रश्न विचारते: कुठवर येतो? कल्याणची गाडी आली नाही एवढे कळून उपयोग नसतो. ती कुर्ल्याला अडकली की ठाण्याला, हे कळले तर पुढे काय करायचे ते ठरवता येते. संगणकाचेही तसेच आहे. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचे फर्मवेअर, ज्याला आपण सवयीने अजूनही बायोस म्हणतो, रॅम, कीबोर्ड आणि डिस्क तपासते. मग ते डिस्कवरचा बूट मॅनेजर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, शोधते, बूट मॅनेजर विंडोजचा गाभा आणि अत्यावश्यक ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचे भाग चालवणारी सॉफ्टवेअरे, आत घेतो, त्यानंतर उरलेले ड्रायव्हर आणि सेवा सुरू होतात, आणि सर्वांत शेवटी आपल्याला पासवर्ड विचारला जातो.

लोगोसुद्धा येत नसेल तर विंडोजच्या कोणत्याही पर्यायाचा उपयोग नाही, कारण विंडोजची पाळीच आलेली नसते. तिथे रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसून पुन्हा बसवणे हा जुना उपाय आजही लागू पडतो, विशेषतः आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात. लोगो येऊन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असे म्हणत असेल तर आधी मागे कोणी पेन ड्राइव्ह विसरले आहे का ते पाहावे. जुन्या डेस्कटॉपमध्ये आणखी एक गंमत असते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी संपली की बायोसमधल्या नोंदी पुसल्या जातात. माझ्या घरच्या संगणकावर तसे झाले, तेव्हा डिस्कशी बोलण्याची पद्धत मूळच्या सेटिंगवर गेली आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखता येईना. बायोसमधले घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले दिसले, त्यावरून कारण सापडले. डिस्क उत्तम होती आणि विंडोजही उत्तम होते. फॉर्मेट मारला असता तर तोही ‘यशस्वी’ झाला असता, पण डेटा फुकट गेला असता आणि संपलेली बॅटरी तशीच राहिली असती.

आमच्या कार्यालयाच्या संगणकाची गाडी मात्र बरीच पुढे येत होती. लोगो येत होता, वर्तुळ फिरत होते, म्हणजे बूट मॅनेजर सापडला होता आणि विंडोज आत येऊ लागले होते. ज्यांची तक्रार इथून पुढची असते, त्यांच्यासाठीच पूर्वस्थितीचे पर्याय आहेत.

त्या पर्यायांपर्यंत पोहोचायचे कसे, इथेच अनेकांचे घोडे अडते. विंडोज ७ पर्यंत विंडोजचा लोगो येण्याआधी एफ ८ चे बटण टकटक दाबत राहिले की यादी यायची, आणि माझ्या पिढीच्या बोटांना ती सवय इतकी जडली आहे की अजूनही हात आपोआप तिकडे जातो. २०१२ साली विंडोज ८ आले तेव्हा मायक्रोसॉफ्टने स्पष्टीकरण दिले होते की नवे संगणक इतक्या झपाट्याने सुरू होतात, की एफ ८ ओळखायला उरलेला अवधी २०० मिलिसेकंदांहूनही कमी आहे. एवढ्या वेळात माणसाचे बोट काय करणार? तेव्हापासून ते बटण मुळातच बंद केलेले असते. आता विंडोज चालू असेल तर शिफ्टची कळ धरून ‘रीस्टार्ट’ करावे. पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावरच्या पॉवरच्या चिन्हातूनही हे जमते. विंडोज सुरूच होत नसेल तर ते स्वतःच हिशेब ठेवते: लागोपाठ दोन वेळा सुरू होण्यात अपयश आले की तिसऱ्या वेळी दुरुस्तीचा पडदा आपोआप उघडतो. तो येत नसेल तर वर्तुळ फिरत असताना पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून संगणक बंद करावा आणि असे दोन-तीनदा करावे. हा आडदांड मार्ग आहे हे मान्य, पण तो मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेला आहे. उगीच खेळ म्हणून मात्र करू नये.

रात्री नऊच्या सुमारास लग्नाच्या साडीतच मी कार्यालयात पोहोचले, तेव्हा संगणक दुरुस्तीच्या त्या निळ्या पडद्यावर येऊन थांबला होता. ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ला दुरुस्ती करता आली नाही, असे त्याचे म्हणणे होते. हे वाचून लोक खचतात, आणि माझ्या मते या वाक्याने आजवर जितके फॉर्मेट करवले आहेत तितके व्हायरसनेही करवले नसतील. वास्तविक ही स्वयंचलित दुरुस्ती ठरावीक गोष्टीच तपासते: बूटच्या फायली जागेवर आहेत का, बूटच्या नोंदी बिघडल्या आहेत का, डिस्क वाचता येते का. एखादा ड्रायव्हर अर्धवट बसला असेल तर बहुतेक वेळा तिला त्याचा पत्ता लागत नाही. ‘मला जमले नाही’ म्हणजे ‘कोणालाच जमणार नाही’ असे तिने कुठेही म्हटलेले नसते. त्याच पडद्यावर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ असे दुसरे बटण असते.

ते दाबून, ‘ट्रबलशूट’मधून आत जाऊन, मी सर्वांत आधी दुरुस्तीला हात न लावता हिशेब बाहेर काढला. हा प्रकार दाखवल्यावर सेक्रेटरीकाका खुर्ची ओढून जवळ आले. आतल्या पर्यायांत ‘कमांड प्रॉम्प्ट’ आहे. त्या काळ्या चौकटीत ‘नोटपॅड’ असे इंग्रजीत टाइप करून एंटर दाबले की साधे नोटपॅड उघडते. त्याच्या ‘फाइल’ मेनूतून ‘ओपन’ केले आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडले, की जी खिडकी उघडते ती म्हणजे जवळजवळ पूर्ण फाइल एक्स्प्लोररच. उजवे बटण दाबून फोल्डर कॉपी करा आणि पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट करा. एकच खबरदारी घ्यायची: इथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. आमचा नेहमीचा सी ड्राइव्ह त्या रात्री डी म्हणून दिसत होता, आणि सी म्हणून जो दिसत होता त्यात आपले काहीच नव्हते. काका म्हणाले, “अहो ताई, सगळं पुसलं गेलंय!” मी डी उघडला तेव्हा ‘मेंटेनन्स’, ‘सिंकिंग फंड’, ‘पार्किंग’ अशी ओळखीची फोल्डरे रांगेने उभी होती. कॉपी होताना पडदा थिजल्यासारखा झाला, किती झाले आणि किती राहिले याचा काही पत्ता लागेना, पण पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता, म्हणून आम्ही हात न लावता बसून राहिलो. दिवा स्थिर झाल्यावर पेन ड्राइव्ह काढून काकांच्या घरच्या लॅपटॉपवर फायली उघडून पाहिल्या आणि मगच पुढचे पाऊल टाकले. बहुतेक चुकीचे निर्णय डेटा जाण्याच्या भीतीपोटी घाईने घेतले जातात. ती भीती गेली की डोके थंडपणे चालते.

आता कारण शोधायचे होते. क्षणभर चमकणारे ते निळे काय आहे हे वाचायला मिळत नव्हते, कारण चूक झाली की विंडोज आपोआप पुन्हा सुरू होते. यासाठी ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये सोय आहे. तिथून रीस्टार्ट केल्यावर एक ते नऊ अशी क्रमांकांची यादी येते, आणि लोकांना तिच्यातला चार क्रमांकाचा सेफ मोड तेवढा ठाऊक असतो. माझा जीव नऊ क्रमांकावर आहे: अपयशानंतर आपोआप रीस्टार्ट होऊ नये, हा तो पर्याय. त्याने काहीही दुरुस्त होत नाही, तो फक्त चूक पडद्यावर धरून ठेवतो. नऊ दाबले, वर्तुळ फिरले, आणि निळा पडदा आला तो तसाच उभा राहिला. खिन्न चेहऱ्याच्या त्या चिन्हाखाली थांबण्याचे कारण लिहिले होते, ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’, आणि त्याखाली दोषी फाइलचे नाव, जी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची होती. मोबाइलने त्याचा फोटो काढला. याचा अर्थ असा की ग्राफिक्सच्या यंत्रणेने ठरलेल्या वेळात, म्हणजे साधारण २ सेकंदांत, उत्तर दिले नाही. विंडोजने तिचा ड्रायव्हर पुन्हा जागा करण्याचा प्रयत्न केला आणि तोही फसला. अपडेटमधून नवा ग्राफिक्स ड्रायव्हर येत होता, तो अर्धा बसला असतानाच मेन स्विच खाली झाला होता, असा मी तर्क केला.

तर्क पडताळायला सेफ मोड. सेफ मोडबद्दल एक गैरसमज मला फार दिसतो: लोक त्याला औषध समजतात. ‘सेफ मोडमध्ये टाकून बघितलं, पण परत नेहमीसारखं चालू केलं तर तेच’, असे हताश होऊन सांगतात. अहो, तेच होणार. सेफ मोड ही तपासणी आहे, डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावावा तशी. त्यात विंडोज फक्त स्वतःचा गाभा आणि मोजके मूळचे ड्रायव्हर घेऊन सुरू होते. ग्राफिक्स कार्डाचा खास ड्रायव्हर, बाहेरून टाकलेल्या सेवा आणि सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्रॅम, सगळे बाहेर ठेवले जाते. सेफ मोडमध्येही संगणक अडकला तर संशय विंडोजच्या गाभ्यावर, डिस्कवर किंवा रॅमवर जातो. सेफ मोडमध्ये नीट चालला तर हे सगळे बहुतेक निर्दोष ठरते, आणि गुन्हेगार बाहेर ठेवलेल्यांपैकीच कोणीतरी असतो. इतके स्वच्छ उत्तर देणारी दुसरी चाचणी घरबसल्या मिळत नाही, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

चार दाबले. काळी पार्श्वभूमी, चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ अशी अक्षरे आणि डोळ्यांना बोचतील एवढी मोठी चिन्हे. काकांना ते बिघडलेले वाटले. मला मात्र त्यापेक्षा सुंदर दृश्य त्या रात्री दुसरे दिसले नसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत, ग्राफिक्सच्या ओळीवर पिवळा त्रिकोण होता. आधीच्या ड्रायव्हरवर परत नेणारे बटण फिके पडलेले होते, म्हणजे जुना ड्रायव्हर शिल्लक नव्हता. म्हणून तो ड्रायव्हर काढून टाकला आणि काढताना त्याचे सॉफ्टवेअरही पुसण्याच्या चौकटीत खूण केली. ती करायची राहिली तर विंडोज तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा आपल्या हाताने बसवते. रीस्टार्ट केले. वर्तुळ फिरले, आणि पासवर्डचा पडदा आला. विंडोजने स्वतःचा साधा ड्रायव्हर वापरला असल्यामुळे अक्षरे जाड दिसत होती, पण संगणक चालू होता. घड्याळात सव्वादहा झाले होते. अपडेट आठवडाभर थांबवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तिथे दिलेला स्थिर ड्रायव्हर उतरवून बसवला.

सेफ मोडमध्येही अडकला असता तर? तर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधूनच अलीकडचा अपडेट काढून टाकायचा प्रयत्न केला असता, त्यानंतर सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या आधीच्या तारखेच्या अवस्थेत परत जाणे. रिस्टोअरने कागदपत्रे आणि फोटो जात नाहीत, फक्त त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम, ड्रायव्हर आणि अपडेट जातात. काका सुरुवातीपासून तेच करा म्हणून मागे लागले होते, परंतु आमच्या संगणकावर ती सोय बंदच असल्याचे निघाले. डिस्क तपासण्याची आज्ञाही आहे, पण तिच्याबद्दल माझा इशारा आहे: डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती आज्ञा चालवूच नये, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तासन्‌तास चाललेली तपासणी तिचा उरलेला जीवही घेते. आधी डेटा काढावा.

‘रीसेट धिस पीसी’ या पर्यायाचे नाव गोड आहे, विशेषतः त्यातला ‘माझ्या फायली ठेवा’ हा उपपर्याय. फायली राहतात हे खरे, पण त्या वापरकर्त्याच्या फोल्डरांतल्या, म्हणजे डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स अशा. बाहेरून टाकलेले सर्व प्रोग्रॅम निघून जातात, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरने आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरात ठेवला असेल तर तो ‘माझ्या फायलीं’त धरला जाईल असे समजून बसू नये. सोसायट्यांच्या संगणकांत नेमके हेच असते. म्हणून मी त्याला फॉर्मेटचा धाकटा भाऊ मानते.

या सगळ्या वाटेवर आता एक नवे कुलूप आले आहे, आणि ते बिघाडाच्या वेळीच समोर येते. माझ्या भाचीने नवा लॅपटॉप घेतला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याने निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली. डिस्क बिटलॉकर या विंडोजमधल्याच सोयीने कुलूपबंद आहे हेच तिला ठाऊक नव्हते. हल्ली अनेक लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले की हे कुलूप आपोआप लागते, आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. भाची स्वतःच्या खात्यात शोधत होती. लॅपटॉप सुरू करताना मात्र तिच्या बाबांचे खाते वापरलेले होते. किल्ली तिथे सापडली. तिने फोनवर सहा-सहा अंकांचे आठ गट मला वाचून दाखवले आणि मी ते माझ्या वहीत उतरवून ठेवले. ज्यांच्याकडे असा लॅपटॉप आहे त्यांनी आजच, लॅपटॉप धडधाकट असतानाच, ही किल्ली कागदावर उतरवून घ्यावी.

हे कुलूप किती महागात पडू शकते ते १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर गेली आणि अवघ्या ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्याच्या फेऱ्यात अडकले. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर प्रवाशांची नोंदणी हाताने करण्याची पाळी आली. आणि इतक्या मोठ्या अरिष्टावरचा उपाय काय होता? संगणक सेफ मोडमध्ये किंवा पूर्वस्थितीच्या पडद्यावर नेणे, ठरावीक फोल्डरातली एक फाइल पुसणे आणि रीस्टार्ट करणे. पाच मिनिटांचे काम, पण ते बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी माणसाने उभे राहून करायचे, आणि डिस्क कुलूपबंद असेल तर आधी तिची ४८ अंकी किल्ली शोधायची. त्यासाठी फॉर्मेट मारायची गरज नव्हती, हे आमच्या स्टेशनजवळच्या मुलाला सांगायचे माझ्या मनात आहे.

एक लहानशी गोष्ट, जिने माझे निम्मे फोन वाचवले आहेत. चौथ्या मजल्यावरचे एक काका सांगतात, “मी रोज रात्री बंद करतो हो, तरी हळू चालतो.” त्यांच्या टास्क मॅनेजरमध्ये संगणक किती काळ सतत चालू आहे ते पाहिले तर तेवीस दिवस. काका खोटे बोलत नव्हते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही, तो डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. गाभ्यात काही अडकलेले असेल तर तेही सोबत येते. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळे नव्याने सुरू करते. म्हणून एखादे उपकरण विचित्र वागू लागले तर बंद करून चालू करण्याऐवजी रीस्टार्ट करावे.

कार्यालयाच्या संगणकावर मी आता सिस्टिम रिस्टोअरसाठी लागणारे सिस्टिम प्रोटेक्शन चालू केले आहे आणि ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजची स्थापना-प्रत तयार करून ठेवली आहे. दुरुस्तीचा पडदा डिस्कवरून आलाच नाही तर त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून आतला दुरुस्तीचा पर्याय घेता येतो. तो कपाटातल्या खिळ्याला दोऱ्याने टांगला आहे, कारण सोसायटीच्या कार्यालयात न टांगलेली वस्तू पुढच्या सभेपर्यंत टिकत नाही. यूपीएसच्या बॅटरीचा ठराव पुढच्या सभेत एकाही आक्षेपाशिवाय मंजूर झाला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, सभेच्या नोटिसा काढायच्या सकाळी, सेक्रेटरीकाकांचा फोन आला. मी विचारण्याआधीच त्यांनी सुरुवात केली, “ताई, आज लोगोच येत नाही. पडदा पूर्ण काळा. पंखा फिरतोय. आणि एक बघितलं मी, कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबलं की त्याचा दिवा लागतो आणि विझतो.” कॅप्स लॉकचा दिवा प्रतिसाद देत असेल तर आत संगणक जिवंत आहे, फक्त आपल्याला दिसत नाही. मी त्यांना मॉनिटरच्या मागची केबल पाहायला सांगितली. फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग थोडी खुडबुड, आणि मग काकांचा आवाज: “झाडू मारताना निघाली असणार. आला, आला. पासवर्ड मागतोय.”